जगतापबाईंची दाततपासणी

सोमवारी प्रार्थना संपली की जगतापबाई पहिलीच्या रांगेपुढे उभ्या राहायच्या आणि एकेकाला म्हणायच्या, “आ कर.” विश्रांतवाडीच्या आमच्या शाळेत आठवड्याची सुरुवात अशी मुलांच्या तोंडात डोकावून व्हायची. दात किडलेले दिसले की आईला बोलावणं जाई. “मोबाइलची काच सारखी पुसता, ताई. पोराचे दात कधी पुसायचे?” बाईंपुढे मुख्याध्यापकही जपूनच बोलत.

आणि याच बाई मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे जाऊन मशेरी लावायच्या. तव्यावर काळाठिक्कर भाजलेल्या तंबाखूची ती पूड पदराआडून बोटाने हिरड्यांवर घासायच्या. साऱ्या शाळेला हे ठाऊक होतं. आपलं गुपित राहिलं आहे असं फक्त बाईंना वाटायचं. मी शेजारच्या वर्गावर शिकवायचे; एकदा छेडलं तर म्हणाल्या, “व्यसन नाही हो हे. हिरड्यांचं औषध आहे. आमच्या आईनं जन्मभर लावली.” हिरड्यांतून रक्त येतं म्हणून मशेरी, आणि रक्त वाढलं की मशेरीही वाढायची. तेव्हा मला याचं हसू यायचं. आता येत नाही.

लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन त्यांच्या हृदयाची एक झडप अधू झाली होती. दातांचं काहीही करायचं असेल तर आधी मला विचारा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी त्याचा अर्थ दातांच्या डॉक्टरकडे जायचंच नाही, असा लावला. एक दाढ हलू लागली, ती त्यांनी घरीच हलवून हलवून उपटली, खड्ड्यात मशेरी दाबली आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर हजर. “दाढ माझी, हात माझे. डॉक्टर कशाला मध्ये?”

मग ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. बाई गोळ्या घेऊन शिकवत राहिल्या. शाळेचा जिना चढताना त्या मध्येच बसल्या, तेव्हा मी त्यांना रिक्षात घालून येरवड्याच्या एका रुग्णालयात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, झडपेची हकिगत ऐकली आणि म्हणाल्या, “मावशी, आ करा.”

बाईंनी ओठ घट्ट मिटले. माझ्याकडे बघून दाराकडे नजर वळवली. मी हलले नाही.

“हिरड्यांतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसले असतील, तर मला आत्ता कळायला हवं,” डॉक्टर म्हणाल्या.

पदर तोंडावर घ्यायला बाईंचा हात उठला, पण त्याला सलाईन लावलेलं होतं. शेवटी त्यांनी तोंड उघडलं. हिरड्या काळ्या, सुजलेल्या, जागोजागी पू. एवढं दुखणं तोंडात घेऊन ही बाई रोज पाढे म्हणून घेत होती. मला रडू आवरेना.

झडप बदलायला हवी होती, पण तेवढी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. औषधं चालू राहिली, तापही चालू राहिला. एका दुपारी मी शेजारी बसले होते. बाईंनी विचारलं, “पोरांचं सोमवारचं कोण बघतं?”

“मीच बघते, बाई.”

“आणि तुमचं?”

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

आता सोमवारी प्रार्थना झाली की मी रांगेपुढे खाली बसते आणि आधी स्वतः आ करते. पहिलीच्या मुली माझी हनुवटी धरून, अगदी बाईंसारख्या कपाळाला आठ्या घालून आत बघतात. शाळेतल्या इतक्या वर्षांत जगतापबाईंच्या तोंडात मात्र कुणीच डोकावलं नव्हतं.