गोदाक्काचं चाक

चाकाजवळून जायची वेळ आली की गोदाक्का दोन्ही हात पदराखाली घ्यायची. कुंभाराच्या बाईनं चाकाला शिवायचं नाही, शिवली तर आव्यात भाजायला रचलेली मडकी फुटतात, अशी त्यांच्या घरातली रीत. बोरी गावात लग्न होऊन मी तिची शेजारीण झाले आणि पहिल्यांदा हे पाहिलं, तेव्हा मला हसू आलं. ती म्हणाली, "हस बाई. तुझ्या सासूनं तुला चुलीला शिवू नको म्हनलं असतं, तर लय बरं झालं असतं!"

नवरा गेला तेव्हा दीरानं चाक उचलून नेलं. मग तिनं हातानं मडकी करायला घेतली. मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचायच्या, थापटायच्या, नदीतल्या गोट्यानं घासघासून चमकवायच्या. आवा रसरसला की वरून शेणाची भुकटी आणि राख ओतून चहूबाजूंनी कोंडायचा. "धूर भायेर सुटू द्यायचा न्हाई. आत कोंडला की मडकं काळं व्हतंय. माझा रंग बघ की!" असं म्हणून स्वतःच हसायची.

शहरातल्या एका दुकानवाल्या मॅडमना ती काळी मडकी भलतीच आवडली. "चाकाशिवाय! केवढी परंपरा!" म्हणत त्यांनी तिच्या हातांचे फोटो काढले. गोदाक्का माझ्या कानाशी लागली, "परंपरा कशाची गं? चाक दिलं न्हाई म्हनून वळ्या लावायलेय." पण लेक पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. सून आणि नातवंडं हिच्या पदरात. मॅडम माल उचलायच्या, त्यावरच घर चालायचं.

साठीला तिची बोटं आखडली. सकाळी वळी धरवेना. तोवर चाक नेणारा दीरही राहिला नव्हता. भाच्यानं विजेचं चाक आणून दिलं. काय सांगू, त्याच्यासमोर बसताना ही बाई नव्या नवरीसारखी लाजत होती! माती हातात वर चढली, वाकडी झाली, बदकन बसली. "अगं बया, जिती हाय ही!" म्हणून ती खिदळली. हळूहळू मडकं सरळ उभं राहायला लागलं. तिला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

मॅडम आल्या. नवं मडकं फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं. "आक्का, हे चाकावरचं. असं कुठंही मिळतं. घरात चाक दिसलं तर तुमच्या हातच्या मालावरसुद्धा कोण विश्वास ठेवणार?" आवाज अगदी गोड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोदाक्का मात्र "व्हय, चुकलं, चुकलं" म्हणत राहिली. काय चुकलं होतं तिचं?

त्याच आठवड्यात चाक माझ्या कडब्याच्या खोलीत आलं. सकाळी ती आपल्या अंगणात आखडलेल्या बोटांनी मॅडमसाठी वळ्या लावते. दुपारी माझ्याकडं येते. चाकावर माठ काढते, घागरी काढते, डोळे भरून बघते आणि मोडून पुन्हा मातीचा गोळा करते.

"आक्का, एक तरी भाजा की," मी एकदा म्हटलं.

"भाजलं की लोकाला दिसतंय, गं."

मॅडमचे फोटोवाले हल्ली कधीही येतात, कुठंही डोकावतात. म्हणून तिनंच मला सांगून ठेवलंय, "भायेरून कडी लाव. कडी दिसली की कुनी ढकलून बघत न्हाई."

मी कडी लावते आणि दाराशी तूर निवडत बसते. आत चाक घरघरत असतं. कुणी विचारलंच तर पिठाची गिरणी आहे म्हणते, आत कुणी नाही.