बाहेरच्या बाईची कातर

वाळीत टाकणं म्हणजे नेमकं काय, ते देवगाव रंगारीच्या बानाबाईला विचारावं. मारहाण नाय, शिवीगाळ नाय. विस्तव मागायला गेलं की शेजारणीची चूल नेमकी विझलेली. विहिरीवर ती पोहोचली की बाया अर्ध्या घागरी उचलून चालत्या. सख्खा भाऊ कडूबा, तोसुद्धा तिला बघून आडवाटेला लागायचा. आणि कुणी विचारलंच, तर सगळे म्हणायचे, आमचं कुठं भांडण हाय तिच्याशी!

गुन्हा काय होता तिचा? लेक वच्छला नवऱ्याच्या काठीचे वळ पाठीवर घेऊन माहेरी आली. पंच म्हणाले, नांदायला धाड. बानाबाईनं ते धुडकावलं आणि लेकीला घेऊन थेट औरंगाबादचं कोर्ट गाठलं. झालं, जातीचं नाक कापलं गेलं म्हणे. पोरीच्या पाठीची सालटं निघाली तेव्हा हे नाक कुठं गेलं होतं? रझाकार गेले, निजाम गेला, पण पंच आपले जिथल्या तिथं ठाण मांडून बसलेले.

ज्येष्ठ लागला आणि मेंढरं कातरायची वेळ आली. हे काम एकट्यादुकट्याचं नाय. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं, असे गडी एकमेकांच्या घरी जातात, आणि कातर धरायची ती गड्यांनीच. विधवा बानाबाईकडं यंदा चिटपाखरू फिरकलं नाय. पाऊस तोंडावर आलेला. लोकर अंगावर भिजून कुजली की मेंढरं पटापट मरतात, आणि मेंढरं गेली तर ह्या मायलेकींनी खायचं काय?

नेमका तेव्हाच सूर्यभान पंच दारात आला. लई गोडीत म्हणाला, “बानाबाई, पोरीला नांदायला धाड. उद्याच गडी पाठवतो.”

वच्छला खालमानेनं म्हणाली, “जाते मी, आये. मेंढरं तरी जगतील.”

बानाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं मेलेल्या नवऱ्याची कातर आढ्यातून ओढून काढली, मेंढी आडवी पाडली आणि लेकीला म्हणाली, “पाय धर.”

सूर्यभान खवळला. “बाईनं कातर धरायची? जातीत चालत नाय हे.”

“जातीत चालत नसंल,” वेडीवाकडी कातर चालवत बानाबाई म्हणाली. “मी कुठं हाय जातीत? तुम्हीच काढलं ना बाहेर? मंग बाहेरच्या बाईला तुमचा कायदा कशाला सांगता? जावा दादा घरी. माझ्या दारात उभं राहून बोलताय, कुणी बघितलं तर तुम्हालाबी वाळीत टाकतील.”