दाजींची सांगायची राहिलेली वाट

चालण्यात आमच्या दाजींचा हात धरील असा माणूस जालना जिल्ह्यात झाला नाही, आणि चालून आल्यावर लोकांचं डोकं खाण्यातही नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, केदारखेड्याच्या मेंढपाळाच्या घरातले. सरकारी मेंढीफार्मवर नोकरीला होते. बहात्तरच्या दुष्काळात खात्याने त्यांना लोकरीचं शिक्षण घ्यायला पेरू देशात धाडलं. शिक्षण संपल्यावर शहाणा माणूस विमानात बसला असता. दाजींनी रजा टाकली, पाठीवर पिशवी बांधली आणि अँडीजच्या डोंगरात एकटेच शिरले. एवढ्या उंचावर माणसं मेंढरं कशी जगवतात, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

परत आल्यापासून त्यांच्या तावडीतून कोणी सुटला नाही. राजूरला गणपतीच्या पायऱ्या चढताना कोणी दम खायला थांबला, की दाजी त्याच्या शेजारी बसलेच. "हे काहीच न्हाई. तिथं बुटाची नाडी बांधली तरी धाप लागती." ऐकणाऱ्याची आरती हमखास चुकायची. जालन्याच्या एका किराणा दुकानदाराशी तर त्यांनी भांडण काढलं. त्याच्याकडची तूरडाळ त्यांनी सोबत नेली होती आणि ती डोंगरात दुपारभर उकळूनही कच्चीच राहिली. उंचावर डाळ शिजत नाही, हे तिथल्या लोकांनी त्यांना खुणांनी समजावलं होतं. पण दाजींचा संशय हवेपेक्षा दुकानदारावर जास्त. तो बिचारा म्हणाला, "साहेब, माझं गिऱ्हाईक बदनापूरच्या पुढं जात न्हाई. मला काय ठावं?"

लामा हे तिकडचं लोकरीचं जनावर. दाजी मेंढीसारखा त्याचा जबडा उघडून दात बघायला गेले, तर ते सरळ तोंडावर थुंकलं. "आपल्या मेंढीला बराबर वळण हाय," असं ते अभिमानाने सांगायचे. नकाशात दिसणारा पूल नदीने नेलेला, बस येईल म्हणत बसावं तर ती यायचीच नाही, आणि बटाटे खाऊन खाऊन तोंड विटलेलं. मग एका म्हाताऱ्या मेंढक्याच्या कमरेला त्यांना लोकरीची गोफण दिसली. "बिलकुल आपल्यासारखी, पाव्हणं. त्यानं एक दगड फेकला, मी एक फेकला. मंग बोलायचं काय राह्यलं?"

हे सगळं आम्ही हसत ऐकायचो, पण मला ते हसू जड जायचं. दाजी त्या डोंगरात असताना इकडे त्यांचे वडील तापाने गेले होते. तार त्यांच्या शहरातल्या मुक्कामी पोचली तेव्हा ते कुठल्या खिंडीत होते, देव जाणे. घरी आले ते तेरावा होऊन बरेच दिवस लोटल्यावर. आमच्यात मेंढरं घेऊन लांब गेलेला माणूस परतला, की आधी घरातल्या थोरल्यापुढे बसून वाट सांगतो. पाणी कुठे, चारा कुठे, लांडगा कुठे. त्याशिवाय तो घरी आला असं कोणी धरत नाही. दाजींचं ऐकायला थोरलंच माणूस उरलं नव्हतं, म्हणून ते दिसेल त्याला सांगत सुटले होते. बायकांपुढे वाट सांगायची मात्र रीत नव्हती.

एका दुपारी ओसरीवर ते मला बर्फाची खिंड पुन्हा सांगत होते. त्यांची आई उंबऱ्याशी लसूण सोलत होती. ती हात थांबवून म्हणाली, "पाव्हण्याला किती डाव सांगशील? मला सांग."

"माय, तुला त्यातलं काय सांगू?"

"तुझा बाप जातानी इच्यारू राह्यला होता, पोराला तिकडं पाणी हाय का म्हून. मी म्हणले, हाय. खोटं बोलले का खरं, तेवढं तरी सांग."

दाजी उठले आणि तिच्यापुढे मांडी घालून बसले. "हाय, माय," ते म्हणाले. "लई हाय. रात्रंदिस डोंगरावून खाली येऊ राह्यलं."

मग त्यांनी पहिल्या मुक्कामापासून सगळी वाट सांगितली. लसूण तसाच बाजूला पडून राहिला. सांगून संपलं तसे ते लहान पोरासारखे रडायला लागले. तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आलास बापा घरी."