अप्पांनी परत पाठवलेला पांढरा ट्रे

मन्मथअप्पांनी माझं ऐकलं नाही, म्हणून माझ्या सासूबाई आणखी अकरा वर्षं जगल्या.

आज सकाळी अप्पा गेले. माजलगावातल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आणि नवऱ्याने नुकतंच हॉस्पिटल बांधलं होतं. खाली दवाखाना, वर आम्ही. जनरेटर आणि मेन स्विच मागच्या शेडमध्ये, आणि तिथून केबल गच्चीवरून ऑपरेशन थिएटरपर्यंत न्यायच्या होत्या.

या केबल ज्या लोखंडी पन्हाळीत ठेवतात तिला केबल ट्रे म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं.

आणि कळल्या कळल्या मी त्यातली एक्स्पर्ट झाले.

थेट पुण्याहून ट्रे मागवला. पांढराशुभ्र रंग दिलेला, बिल्डिंगला मॅचिंग. तेव्हा बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं आणि आपलं माजलगाव मागे राहू नये असं मला फार वाटायचं.

अप्पांनी ट्रेवरून हात फिरवला. म्हणाले, "बाई, ह्या गच्चीवर कोण कोण येतं?"

"कोणीच नाही."

जिन्यातून सासूबाईंचा आवाज आला, "मी येते की. वाळवण कुठं घालू मग?"

अप्पांनी ट्रे पुन्हा पोत्यात गुंडाळायला घेतला.

"दिसायला लई चांगला हाय. पण जोडाजोडात रंग हाय, अर्थिंग पुढं सरकत न्हाई. आपल्याला बिनरंगाचा, जस्ताचा घ्यावा लागंल."

उद्घाटन चार दिवसांवर आलेलं. पत्रिका वाटून झालेल्या. मी खूप बोलले. हॉस्पिटल काढतेय, कुरडयांचा कारखाना नाही, असंही म्हणाले. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की दुसरा माणूस बघा, हा ट्रे मी बसवणार नाही.

दुसरा माणूस आणायचा कुठून?

उद्घाटन आठ दिवस पुढे गेलं. शिडीसारखा दिसणारा राखाडी ट्रे आला. अप्पांनी त्याच्या प्रत्येक जोडावर तांब्याची पट्टी कसली आणि अर्थिंग जमिनीत खोल नेलं. मी महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, भर ओपीडीत फ्यूज उडाला. बघायला मी गच्चीवर गेले.

ट्रेवर सासूबाईंची ओली नऊवारी. नुकतीच पसरलेली. त्यांचा हात अजून तिच्यावर होता.

"लाईट गेली का गं?" त्यांनी विचारलं.

अप्पा आले. मेन स्विच बंद केला, साडी बाजूला केली. तिच्याखाली खारीने केबल कुरतडली होती आणि उघडी तार ट्रेला टेकली होती. करंट ट्रेत उतरला आणि त्या पट्ट्यांवरून तसाच जमिनीत गेला, म्हणून फ्यूज उडाला.

माझ्या पांढऱ्या ट्रेमध्ये तो तिथेच थांबला असता.

हे अप्पा बोलले नाहीत. मला कळलं. मी तापलेल्या गच्चीवर तशीच खाली बसले.

"अप्पा, चहा घेता?" मला एवढंच म्हणता आलं.

"घेतो की. आदी एक दोरी द्या."

पाण्याच्या टाकीपासून कठड्याच्या पाइपापर्यंत त्यांनी स्वतः दोरी बांधली. सासूबाईंना म्हणाले, "अक्का, आता साडी हितं घालत जावा."

सासूबाईंनी शेवटपर्यंत तिथेच घातली.

अप्पांची माफी मागायची मात्र राहिली. इतकी वर्षं भेटले की मी चहाच विचारायचे. त्यांनीही कधी नाही म्हटलं नाही.

दुपारी अप्पांच्या मातीला जाऊन आले. अंघोळ केली, साडी पिळली आणि गच्चीवर गेले. ट्रे अजून तोच आहे, कुठे गंज नाही. दोरी पाच-सहा वेळा बदलली, जागा तीच.

अप्पा, माझं चुकलं होतं.

साडी दोरीवर घातली आहे. तुम्ही निवांत जा.