दम ऐकणारे मॅनेजर

मला तुळशीराम इंगळे यांनी वाचवलं. काय झालं ते पुढे सांगतो, पण हे नाव आधी कागदावर पडू दे. मागे दोनदा लिहायला बसलो तेव्हा घडलेल्या गोष्टीपासून सुरुवात केली आणि नावापर्यंत पोचायच्या आत हात थांबला.

आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगच्या सेठजींनी हुतूतूचा संघ ठेवला होता. छापील कागदावर कबड्डी, आमच्या तोंडी हुतूतू. गडी सगळे कारखान्यातले कामगार आणि भाऊ त्या संघाचे पगारी मॅनेजर. खेळाचा पगार घेणारा दुसरा माणूस आमच्या भागात मी पाहिला नाही. त्यांच्या गावी, अमडापूरला, लोक विचारायचे, "तुमचा तुळशीराम करते तरी काय?" घरचे सांगायचे, "पोट्ट्यांले खेयवते." यावर हशा व्हायचा. भाऊही त्यात हसायचे.

मी वरवट बकालचा. सातवीत शाळा सोडून जिनिंगमध्ये सरकी उचलायला लागलो होतो. गावाकडे खेळायचो हे कळल्यावर कोणीतरी मला मैदानावर नेलं. मी चढाई केली, दोन गडी मारले आणि परत आलो. पाहतो तर मॅनेजर मैदानाकडे पाठ करून भिंतीसमोर उभे, फुटाणे खात. मला राग आला. तेवढ्यात ते न वळताच म्हणाले, "कोन व्हता बे हा? दोन मारले, पन तिसऱ्याले भेला."

खरंच भ्यालो होतो. पण ते यांना कसं कळलं?

"तुहा तू-तू तिथं बारीक झाला ना," भाऊ म्हणाले. "डोये फसवतात. दम नाही फसवत."

हीच त्यांची रीत होती. सरावात अर्धा वेळ ते पाठमोरे असत आणि कोण थकला, कोण घरी भांडून आला, कोण रात्री पिऊन आला, हे नुसत्या आवाजावरून सांगत. कप्तान शेषराव त्यांना चिडवायचा, "भाऊ, लगन लावून देतानाही पोरीचा आवाजच आयकान काय?" भाऊ म्हणायचे, "तुह्या बायकोनं तुहा आयकला असता, तं वाचली असती बिचारी." कोणाला खेळवायचं आणि कोणाला बसवायचं हे ते एकटे ठरवत, आणि ठरवलेलं कोणालाही समजावून सांगत नसत. हरल्यावर मात्र सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचे, "जितले तं तुम्ही, हरलो तं मी. मले पगार याचाच भेटते."

दोन वर्षांत मी संघाचा पहिला चढाईवाला झालो. त्याच हिवाळ्यात मला खोकला लागला. जिनिंगमध्ये कापसाचा फुफाटा सगळ्यांच्या नाकातोंडात जायचा, सगळेच खोकायचे, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही. भाऊंचं गेलं. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं.

"रात्री घाम फुटते काय बे, नामदेव?"

"नाही, भाऊ."

"रक्त?"

"तुमची आन, नाही."

शपथ खोटी होती. रुमाल मी धुवायला टाकत नव्हतो, भट्टीत टाकत होतो. क्षय म्हटलं की जिनिंगमधून हाकलतात हे मला माहीत होतं. त्याहून मोठं भय दुसरंच होतं. माझ्या बहिणीचं, गोदाचं, लग्न जमत आलं होतं. भावाला क्षय आहे कळलं असतं तर त्या घरी तिला कोणी नेलं नसतं. त्या घरीच काय, कुठेच.

"डाक्टरले दाखवू," भाऊ म्हणाले.

"अमडापूर होऊ द्या, भाऊ. मग चाला म्हनान तिथं येतो."

अमडापूरला स्पर्धेचा शेवटचा सामना होता. भाऊंचं स्वतःचं गाव, सगळं गाव त्यांच्या संघाच्या बाजूनं पाहायला येणार. त्यांनी मान डोलावली. पुढे त्यांनी मला एकदाच सांगितलं की आयुष्यात आपण एवढीच एक लालच केली.

बाजाराच्या पटांगणात सामना झाला. लोक बैलगाड्यांवर उभे होते. मध्यंतरापर्यंत आम्ही पुढे होतो आणि त्यातले निम्मे गुण माझे होते. मध्यंतराला भाऊ आले, माझं मनगट धरलं आणि मला गाड्यांच्या मागे नेलं. खांद्यावरचं धुतलेलं उपरणं माझ्या तोंडाला लावून म्हणाले, "खोक."

मी खोकलो. दोघांनीही उपरण्याकडे पाहिलं.

"बस आता," ते म्हणाले. "दम मधातच फाटून राह्यला तुहा. आता गेला तं मैदानातच पडशीन."

मी त्यांचे पाय धरले. "भाऊ, खेयू द्या. नाही तं नका खेयू देऊ, पन कोनाले सांगू नका. गोदाचं मोडीन."

ते बराच वेळ उपरण्याची घडी घालत राहिले. रक्त आतल्या बाजूला गेलं, तेव्हा ते उपरणं त्यांनी सदऱ्याच्या आत खोचलं. "नाही सांगत," म्हणाले. "जाय, तोंड धुऊन बस."

माझ्या जागी नवा गडी उतरला. आम्ही हरलो.

सेठजी खुर्चीवरून उठून आले. "नामदेव को क्यों बिठाया, मॅनेजर? पाय मोडला त्याचा?"

"नाही."

"मग?"

"माही मर्जी."

एवढंच उत्तर. सेठजींनी तीनदा विचारलं आणि तीनदा तेवढंच मिळालं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "पैसे खाल्ले रे यानं! गावातच गाव इकलं!" मग ढेकळं आली. भाऊंच्या कपाळाला एक लागलं. त्यांचे थोरले चुलते तिथंच होते, ते खाली मान घालून घराकडे निघून गेले. भाऊ हलले नाहीत.

तेव्हा शेषराव माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "नाम्या, तू सांग बे. तूच सांग. तुले काऊन काढलं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. भाऊंनीही पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती. मी काय बोलेन याची त्यांना माझ्याचसाठी काळजी वाटत होती, असं आज वाटतं.

मी म्हणालो, "मले काय माहीत?"

शेषराव भाऊंच्या पायाशी थुंकला.

दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली. तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीवर आले. कपाळावर हळद लावलेली होती. मला गाडीत बसवून ते मिरजेकडच्या एका क्षयाच्या सॅनेटोरियमला घेऊन गेले. त्यांच्या ओळखीचा एक जुना पंच तिकडे होता, त्याच्या शब्दावर खाट मिळाली. घरी त्यांनी कळवलं की नामदेवला दूर नोकरी लागली. सगळ्या प्रवासात मी एकदाच तोंड उघडलं. "भाऊ, मी परवा..." ते म्हणाले, "चूप राह्य. बोलू नको, दम वाचव."

मी बरा झालो. गोदाचं लग्न झालं. डॉक्टरांनी कापसाच्या धुळीत परत जाऊ नको म्हणून बजावलं, म्हणून घाट उतरून रत्नागिरीला आलो. इथे बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात काम करतो. माझ्या बोलण्याला लोक हसतात. "मले" म्हटलं की पोरं माझ्यामागून तेच म्हणत जातात. आजाराचं इथे कोणालाही माहीत नाही. अजूनही खोकला आला की मी आधी आजूबाजूला पाहतो.

भाऊंना त्यानंतर कोणी संघ दिला नाही. कोण देणार? गावोगावच्या मैदानावर ती बातमी त्यांच्याआधी पोचलेली असायची. अमडापूरही सुटलं. हिवरा आश्रमाच्या बाजूला कोणाच्या तरी मळ्यात ते भाजीची राखण करतात, असं त्यांच्या कार्डावरून कळलं. कार्डात स्वतःबद्दल एवढंच होतं. बाकी, "दम कसा आहे? थंडीत छाती झाकत जा." मी उत्तर लिहिलं, "बरा आहे." त्यापुढे एक ओळ लिहून खोडली. ती इतकी गिरवून खोडली की कार्ड फाटलं. मग दुसरं कार्ड आणून नुसतं "बरा आहे" लिहिलं.

गोदाला आता दोन मुलं आहेत. तिचं काही मोडण्यासारखं राहिलेलं नाही. म्हणजे मी गप्प आहे ते आता तिच्यासाठी नाही, हे मला कळतं. छातीतली जखम भरली, भीती तेवढी भरली नाही. इथे दूरच्या एका मासिकाच्या अंकात हे लिहिलं म्हणजे फिटलं, असंही नाही. अमडापुरात हे कोण वाचणार? ज्यांनी ढेकळं मारली त्यांना ते तोंडानेच सांगायला हवं, आणि ज्या तोंडाने "मले काय माहीत" म्हटलं त्याच तोंडाने.

भाऊ, मी येईन. बाजाराच्या दिवशी, पटांगण भरलेलं असताना येईन, शेषरावलाही बोलावीन आणि मला काऊन काढलं ते सगळ्यांसमोर सांगेन. तुम्ही असेपर्यंत येईन. कोणत्या वर्षी, ते मात्र अजून लिहवत नाही.