खडकवाडीच्या विहिरीतलं पाणी

"ही विहीर कुठली?" तहसीलदारांनी चित्रासमोर थांबून विचारलं.

मी खूश झालो. फीत कापल्यापासून साहेब सगळ्या चित्रांसमोरून मुकाट चालत आले होते. एकदाचे ते कुठंतरी थांबले.

"खडकवाडीची, साहेब. खाली लिहिलंय."

साहेबांनी वाकून चिठ्ठी वाचली. "'खडकवाडीची सार्वजनिक विहीर. यंदाचा चैत्र.' यंदाचाच?"

"यंदाचाच. जुनी चित्रं आम्ही घेतच नाही."

"पाणी बरंच दिसतंय."

"हुबेहूब आहे साहेब! कांबळे गुरुजी जागेवर बसून काढतात. मनाचं काही घालत नाहीत."

साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या अव्वल कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं खिशातून डायरी काढून काहीतरी टिपून घेतलं. चित्र विकत घ्यायचा विचार दिसतोय, असं मला वाटलं.

मी तेव्हा हायस्कूलला ड्रॉइंग टीचर होतो आणि तालुका कला मंडळाचा सेक्रेटरी. ऐंशीच्या दशकातला दुष्काळ होता. पीक नसल्यामुळं सहकारी सोसायटीचं गोडाऊन रिकामं पडलं होतं, म्हणून कला महोत्सवाला ते आम्हाला मिळालं. एरवी त्यात ज्वारीची पोती असायची आणि चेअरमननी आम्हाला दारात उभं केलं नसतं. पोत्यांच्या जागी चित्रं टांगली. संध्याकाळी भजन, भारूड, रांगोळी. उद्घाटनाला तहसीलदार.

चित्रांखालच्या चिठ्ठ्या लिहायचं काम मी स्वतःकडं घेतलं होतं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. चेअरमनची एकच अट होती. "सर, परतेक चित्राखाली गावाचं नाव टाका. म्हंजे त्या त्या गावचे लोक बघाय येतील." कांबळे गुरुजी खडकवाडीच्या शाळेत मास्तर. त्यांनी चित्रामागं पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं, 'विहीर'. खडकवाडी आणि सार्वजनिक हे मी घातलं. झाडाला कोवळी पालवी दिसली म्हणून चैत्रही मीच घातला. खडकवाडी मी आयुष्यात पाहिलेली नव्हती.

पाचव्या दिवशी गुरुजी सायकल हाणत शाळेत आले. शर्ट घामानं भिजलेला.

"सर, आमचा टँकर बंद झाला."

"का?"

"तुमच्या परदर्शनामुळं. तहसीलचा कागद आलाय. गावातल्या सार्वजनिक विहिरीत पाणी असल्याचं निदर्शनास आलं, म्हणून टँकर बंद."

मला कारकुनाची डायरी आठवली.

"गाव काय म्हणतंय?"

"गाव बोलत न्हाय माझ्याशी. सकाळी बायांनी शाळंच्या ओट्यावर रिकाम्या घागरी वळीनं मांडल्या. म्हणल्या, गुरुजी, तुमच्या चित्रातलं पाणी भरून द्या. माझी बायकोबी त्यांच्यातच हुबी व्हती!"

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. मग चूक झाली की माणूस करतो तेच मी केलं, दुसऱ्यावर चिडलो.

"अहो, पण विहीर आटलीय तर पाणी कशाला दाखवलंत?"

गुरुजी जरा वेळ सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिले.

"सर, ल्हानपणी आमच्या लोकांला त्या विहिरीवर चढू देत नव्हते. आमी खाली घागर धरायची, कुणी तरी वरनं वतायचं. आत पाणी कसं दिसतं ते म्या कधी बघितलंच न्हाय. आता काठावर बसलं तर कुणी उठवत न्हाय, तर तिनंच तळ दाखवला. म्हणून चित्रात भरून घेतली. गावाचं नाव म्या लिहिलं नव्हतं."

हेडमास्तरांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, गोडाऊनमधून चित्र काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि आम्ही तहसीलवर गेलो.

अव्वल कारकुनानं आमचं शांतपणे ऐकलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तलाठ्याचा अहवाल सांगतो विहीर कोरडी. मंडळाच्या सेक्रेटरीच्या अक्षरातला कागद सांगतो पाणी आहे, आणि तेही जागेवर बसून पाहिलेलं.

"मग जीप काढा आणि बघून या," मी म्हणालो.

"जीप गॅरेजात हाय."

"मी लेखी देतो की माझी चूक झाली."

"मग फायलीत तुमचेच दोन कागद होतील, सर. एक म्हणतो हाय, एक म्हणतो न्हाय. त्यापेक्षा चित्रातलं पाणी पुसून आणा."

"खाडाखोड चालंल का?" गुरुजींनी विचारलं.

कारकून विचारात पडले. "न्हाय. खाडाखोड न्हाय चालायची."

आणि तिथं मला माझा धंदा आठवला. हे चित्र जलरंगातलं होतं. जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. जिथं उजेड दाखवायचा, तिथं कागद तसाच सोडतात. दुपारच्या उन्हात चमकणारं पाणी दाखवायचं असेल, तर चित्रकार पाणी रंगवतच नाही. भोवतीचे दगड गडद करतो आणि मधली जागा मोकळी ठेवतो. गुरुजींनी तेच केलं होतं. ही गोष्ट मी वीस वर्षं पोरांना शिकवत आलो होतो आणि नेमकी आजच विसरलो होतो.

मी चित्र उचललं आणि थेट साहेबांच्या टेबलावर ठेवलं. गुरुजी मागं.

"साहेब, या विहिरीत पाणी नाही."

"मला तर दिसतंय."

"बोट ओलं करून फिरवून बघा. दगडावर रंग लागेल हाताला. आणि इथं मध्ये?"

साहेबांनी बोट फिरवलं. मग ड्रॉवरमधून जुने नकाशे वाचायचं भिंग काढून पाहिलं. "इथं काहीच नाही की हो!"

"काहीच नाही साहेब. गुरुजींनी तिथं ब्रशही टेकवलेला नाही. जागेवर होतं तेवढंच काढलंय."

गुरुजी माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. हा माणूस मूर्ख नव्हता. टँकर बंद केल्यावर खडकवाडीच्या बाया त्यांच्याही दारात येऊन गेल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. त्यांना फक्त परत फिरायला वाट हवी होती. त्यांनी कारकुनाला हाक मारली आणि मजकूर सांगायला सुरुवात केली.

"लिहा. सदर चित्राची समक्ष पाहणी केली. विहिरीच्या बांधकामावर रंग आहे. आतील भागात रंग अथवा पाणी आढळून आले नाही. सबब, तलाठ्याचा अहवाल बरोबर. टँकर पूर्ववत सुरू करावा."

"पंच म्हणून सही कुणाची?" कारकुनानं विचारलं.

पंच म्हणून मी सही केली. चित्रकलेत मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम ते.

पाहणी झाल्याची खूण म्हणून कारकुनानं चित्रावर शिक्का मारला. मारताना मोकळी जागा शोधली आणि नेमका विहिरीच्या मधोमध हाणला. मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. गोल, जांभळा, शाई ओली.

दुसऱ्या दिवशी टँकर खडकवाडीला गेला. घागरी ओट्यावरून हलल्या. गुरुजींच्या घरी जेवण पूर्ववत मिळायला मात्र आणखी आठवडा लागला.

महोत्सव संपल्यावर मी त्यांना म्हणालो, "आणा ते चित्र. कडेनं ओलं करून शिक्का पुसट करून देतो."

"नको सर," ते म्हणाले. "पाणी माझ्या मनातलं व्हतं. टँकर त्या शिक्क्यानं आला. ऱ्हाऊ द्या."

चित्र शाळेच्या भिंतीवर लागलं. पुढं ज्या वर्षी पाऊस झाला, त्या वर्षी मी पहिल्यांदा खडकवाडीला गेलो. गुरुजींनी मला विहिरीवर नेलं. काठावर बसून आम्ही आत बघितलं. दुपारचं ऊन होतं. पाणी अगदी त्यांनी सोडलेल्या कागदासारखं पांढरं दिसत होतं.

चिठ्ठ्या मी पुढंही लिहिल्या. फक्त चित्रात पाणी असेल, तर गावाचं नाव घातलं नाही.