बोंडात परत भरलेला कापूस

बोदवडच्या सुगंधाबाईनं पस्तीस हंगाम कापूस वेचला होता. शेवटची दहा-बारा वर्षं ती वेचणीवाल्या बायांची पुढारी होती. पहाटे दारोदार हाका मारायच्या, बाया गोळा करायच्या आणि ज्याचं शेत असेल त्याच्या बांधावर नेऊन उभ्या करायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेकी आपापल्या घरी नांदत होत्या. तक्रार ऐकायला घरात कुणी नव्हतं, त्यामुळे कंबर दुखायची ती दुखायची.

चोपन्न साली मार्गशीर्षात मुंबईची एक फिल्म कंपनी बोदवडला उतरली. त्यांना पांढरंशुभ्र फुटलेलं शेत हवं होतं, आणि तेही स्टेशनापासून जवळ. गावाला लागूनच असलेलं जीवराम पाटलांचं शेत त्यांना पसंत पडलं. आठ दिवस कापसाला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. बायांना दिवसाची मजुरी मिळणार होती, पण कंपनी सांगेल तेव्हाच वेचायचं.

"अक्का, तुम्हीच बघा आता," जीवरामभाऊ सुगंधाबाईला म्हणाले, "मला तर यांचं काही समजत नाही."

समजण्यासारखं फारसं नव्हतंच. ऊन पडलं की काम, ढग आला की थांबा. बाया बांधावर बसून राहायच्या. समोर कापूस फुटलेला आणि आपण हात मांडीवर ठेवून बसलेलो, याचा सुगंधाबाईला वेचण्यापेक्षा जास्त शीण यायचा. मग एकदम शिट्टी व्हायची, उजेड पाडायला चकचकीत पत्रे धरलेली माणसं धावायची, बाया ओटी बांधून सऱ्यांत शिरायच्या. वीस पावलं वेचून होत नाही तोच डायरेक्टर हात वर करायचा.

"पुन्हा घ्यायचं," कंपनीचे मॅनेजर रतिलालशेठ येऊन सांगायचे. "कापूस परत लावून टाका."

पहिल्या दिवशी सुगंधाबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण खरंच तसं होतं. वेचलेला कापूस परत रिकाम्या बोंडात भरायचा, म्हणजे शेत पुन्हा न वेचलेलं दिसेल. बाया हसल्या. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. वेचलेलं परत लावायला वेचण्याच्या तिप्पट वेळ लागत होता, आणि बोंडाची टोकं बोटांना तशीच टोचत होती.

नायिकेचं काम करणाऱ्या बाईचं नाव मंदाबाई. सगळे 'बाई, बाई' करत, पण वय बावीसच्या पुढं नसेल. मुंबईत दुसऱ्या एका सिनेमाचं काम चालू होतं, तिथून ती थेट गाडीनं आली होती आणि पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत तिथंच जायची होती. तिला वेचणी शिकवायचं काम सुगंधाबाईकडं आलं. पहिल्याच तासात पोरीची चार बोटं रक्ताळली.

"आत बोट घालू नको. वरून धर, न् ओढून घे," सुगंधाबाईनं तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं. "असं. डोये मिटून बी येते मग."

"डोळे मिटले तर मी उभ्याउभ्या झोपेन, मावशी," मंदाबाई म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी ढग आले. मंदाबाई पाणी प्यायला म्हणून सुगंधाबाईबरोबर तिच्या घरी आली. घर शेतापासून हाकेच्या अंतरावर होतं. पाणी प्यायली, भिंतीशी घातलेल्या गोधडीकडे पाहिलं आणि विचारलं, "पाच मिनिटं पडू?" सुगंधाबाई उशाला काहीतरी शोधेपर्यंत ती झोपलीसुद्धा. तोंड उघडं, तेल लावलेली बोटं पोटावर.

ऊन पडलं तसे रतिलालशेठ धापा टाकत दारात आले. सुगंधाबाई उंबऱ्यावर बसली होती. ती उठली नाही.

"बाईंना उठवा. एकच शॉट राहिलाय, तासाभरात उजेड जाईल. उद्या त्या निघणार."

"झोपू द्या तिले."

"अहो, माझ्या गळ्याशी येईल."

सुगंधाबाईनं क्षणभर विचार केला. "काय करायचं हाये तिनं?"

"काही नाही. पाठमोरं वेचत लांब जायचं."

"तोंड दिसते का?"

रतिलालशेठ घाम पुसत म्हणाले, "लुगडं तसलंच दुसरं आहे आमच्याकडे."

ते लुगडं नेसून आयुष्यात पहिल्यांदा सुगंधाबाई बाकीच्या बायांच्या पुढं एकटी सरीत उभी राहिली. हात आपोआप चालत होते, त्याची तिला चिंता नव्हती. पण वीस पावलं गेली नाही तोच मागून आवाज आला, "बाई, वाकू नका! मुलगी तरुण आहे!"

तिनं पाठ सरळ केली. म्हणजे जेवढी होईल तेवढी केली. पस्तीस वर्षं जी कंबर वाकूनच चालायला शिकली होती, तिला आता सांगायचं की तू बावीस वर्षांची आहेस. दुसऱ्या वेळी तिनं दात आवळले. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड कुणाला दिसायचं नव्हतं. चौथ्या वेळी ती शेताच्या टोकापर्यंत ताठ गेली आणि तिथंच बांध धरून खाली बसली. मागं माणसं टाळ्या वाजवत होती. वेचणीतली शेवंताबाई धावत आली आणि तिची कंबर चोळत बसली.

मंदाबाई उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. आधी घाबरली, मग चिडली. "मला उठवलं का नाही? आता सगळे काय म्हणतील?" सुगंधाबाईनं झालेलं सांगितलं. पोरीनं चुलीपुढं बसून दीड भाकर खाल्ली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात आणखी दोन सिनेमे आहेत, मावशी." सकाळी ती गेली.

परत परत लावलेला कापूस मळून पिवळा पडला होता. जीवरामभाऊ कुरकुरले, पण कंपनीनं ठरल्याप्रमाणे नुकसान भरून दिलं.

सिनेमा सव्वा वर्षानं जळगावला लागला. दहा बाया पॅसेंजरनं दुपारच्या खेळाला गेल्या. पडद्यावर शेत आलं, आणि एक पाठमोरी बाई झरझर वेचत गेली. शेवंताबाई म्हणाली, ही तूच. सोबतची पुना म्हणाली, छे, ही मंदाबाई. सुगंधाबाईला स्वतःला सांगता येईना. ती बाई इतकी सरळ, इतकी हलकी चालत होती की सुगंधाबाईला तिची ओळखच पटेना. पुढं गाणं सुरू झालं आणि शेत संपलं.

दुसऱ्या दिवशी जीवरामभाऊंच्या शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायच्या होत्या. सुगंधाबाईनं पहाटे नेहमीसारख्या दारोदार हाका मारल्या. दोघी म्हणाल्या, काल फार दमलो, आज नको. तिनं आग्रह केला नाही. उरलेल्या बायांना घेऊन ती निघाली.